पदरातली कोवळी मूठ

वय झालंय, डोळे आणि आठवण टिकवायची तर हिरवा पाला खा, असं डॉक्टरांनी बजावल्यापासून मी आलापल्लीच्या बाजारात एका म्हातारीकडून तरोट्याची भाजी घ्यायचो. ढिगातली सगळ्यात कोवळी मूठ ती कधीच विकत नसे. मागे बसलेल्या नवऱ्यासाठी ती पदरात बांधून ठेवी.

एकदा मी तिला डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं.

"मी तं लगनापासून यायले हेच खाऊ घालून राह्यली," ती म्हणाली.

तेवढ्यात म्हाताऱ्यानं तिलाच अदबीनं विचारलं, "बाई, तुमचं गाव कोनतं?"

"तुमचंच," ती म्हणाली आणि पदराची गाठ चाचपली.

त्या दिवशीची भाजी माझ्यानं खाववली नाही.