भाड्याचं पाल

बारामतीहून सणसरकडं जाताना एका पर्यटन केंद्राच्या बागेत उंच, वर निमुळते होत गेलेले तंबू उभे आहेत. बांबू वरच्या टोकाला एकत्र बांधायचे, भोवती कापड गुंडाळायचं, आत गादी टाकायची. त्याला टीपी म्हणतात. पुण्याची माणसं भाडं भरून त्यात झोपायला येतात. हौसेला मोल नाही. ज्यांचं लहानपण पालात गेलं त्यांनी असल्या ठिकाणी फिरकू नये, असं माझं मत होतं. तरी मागच्या हिवाळ्यात मीच एक टीपी ठरवली आणि आबांना घेऊन गेले.

आबा म्हणजे माझे वडील. निरवांगीतल्या आमच्या रानात ऊस यायच्या आधी आमची मेंढरं होती. दिवाळी झाली की आम्ही कोकणाकडं निघायचो, आणि पाऊस लागेपर्यंत कुणाच्या ना कुणाच्या रानात आमचं पाल पडायचं. आता आबांना विस्मरण झालंय. आई गेल्याचं आधी विसरले, मग घराचं दार, मग मी. मी थोरली. मला ते 'आक्के' म्हणून हाक मारायचे. हल्ली मला 'मॅडम' म्हणतात आणि अंग चोरून बसतात. ती 'आक्के' ही हाक मला परत हवी होती, बाकी काही नको.

डॉक्टर म्हणाले होते, ओळखीच्या गोष्टी दाखवत जा. घरात ओळखीचं होतंच काय? मेंढरं विकली, पालाचं कापड उंदरांनी खाल्लं. भाऊ म्हणाला, "उगं फरफटू नगंस त्यास्नी. आता काय बी हुयाचं न्हाय." मी त्याच्याशी कडकडून भांडले. बुडत्याला काडीचा आधार, आणि हा ती काडीच मोडायला निघालेला.

दुपार कलताना पोचलो. आबांनी तंबूला एक फेरी मारली. कापड चिमटीत धरून बघितलं. एक दोरी सैल होती, ती सोडून त्यांनी नव्यानं ताणून बांधली. घरी त्यांना पायजम्याची नाडी बांधता येत नाही. मग टाचेनं जमीन उकरून म्हणाले, "उताराला हाय. पाऊस आला तर पाणी आत यील."

मला इतका आनंद झाला की मी तिथंच भावाला फोन लावला आणि वर तोंड करून त्याला सुनावलं. फोन ठेवला तर आबा हात जोडून माझ्यासमोर उभे. "मालकीणबाई, रान तुमचंच न्हवं? मेंढरं कुठं बसवू?"

मेंढरं रात्री ज्या रानात बसतात तिथं त्यांचं खत पडतं, म्हणून शेतकरी आम्हाला बोलवायचे, आणि कुठं बसायचं ते मालक दाखवायचा. आबांना सगळं आठवलं होतं. त्यात मी तेवढी मालकीण झाले होते. मी समोरच्या हिरवळीकडं बोट केलं. "बसवा तिकडं," म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

रात्री ते आत आलेच नाहीत. गडी माणूस पालाच्या तोंडाशी झोपतो, बायकापोरं आत. तसे ते घोंगडं टाकून दाराशी झोपले, आणि मी एकटी आत गादीवर, दिव्यांच्या माळेखाली, आईच्या जागी. सकाळी तरी ओळखतील, असं मनाला बजावत राहिले.

उजाडता उठले तर आबा खुंट्या उपटत होते. मुक्काम हलवायचा होता ना. राखणदाराची समजूत काढेपर्यंत ते फाटकाकडं चालू लागलेले. तिथं दोन वाटा फुटतात. आबांनी लिंबाचा एक डहाळा मोडला, एका वाटेवर ठेवला आणि त्यावर दगड ठेवला.

ही खूण मला ठाऊक होती. मेंढरं घेऊन आबा पुढं असायचे आणि आम्ही बायकापोरं संसार लादलेल्या घोड्यांबरोबर मागून. वाट फुटली की ते डहाळा ठेवून जायचे. तो बघून मी घोडं वळवायचे. मी कधी चुकले नाही.

"आबा, हे कुणासाठी?" मी विचारलं.

"पोरगी मागनं येतीया, मालकीणबाई. ल्हान हाय. कुणाला उचलू दिऊ नगा."

"आबा, मीच ती. मी आले."

त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. वेड्या माणसाशी बोलावं तसं हळू म्हणाले, "व्हय, व्हय." आणि दगड जरा दाबून बसवला.

भाऊ खरं बोलला होता. पालथ्या घड्यावर पाणी ओतायला मी त्यांना इतक्या लांब आणलं होतं. मी त्यांना गाडीत बसवलं. सणसरच्या फाट्यावर त्यांनी गाडी थांबवायला लावली. या वेळी लिंबाचा डहाळा मीच मोडून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो निरवांगीच्या वाटेवर ठेवला, वर दगड ठेवला, आणि परत येऊन मागच्या सीटवर उलटे वळून बसले.

गाडी मी चालवत होते, आणि आबा मागच्या काचेतून माझी वाट बघत होते.