गुलाबांखालची गोधडी

डोंबिवलीत आमच्या दोन खोल्या होत्या. एकीत सासूबाई आणि आमची मुलगी, दुसरीत आम्ही दोघं आणि गोधड्या. त्या मी शिवलेल्या नव्हेत. मी त्या जमवायचे. कुणाकडे बारशाला गेले तरी बाळाऐवजी बाळाखाली काय घातलंय ते बघायचे. आवडली गोधडी की ‘अहो, ही कलावस्तू आहे’ असं गळ्यातून वेगळा आवाज काढून सांगायचं, बदल्यात कोरी चादर द्यायची आणि गोधडी काखोटीला मारून घरी यायचं.

गल्लीत जुन्या साड्यांवर भांडी देणारी बोहारीण यायची. तिने मला एकदा जिन्यात गाठलं. ‘‘ताई, तुमी आमच्या धंद्यात कवापास्नं?’’

मी तिला लोककला समजावून सांगितली. ती डोक्यावरची पाटी खाली ठेवून ऐकत होती. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाली, ‘‘म्हंजी तुमी भांडं बी देत न्हाई.’’

ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं ती. मी शाळेत चित्रकला शिकवायचे. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, खांद्याला खादीची झोळी, आणि तोंडात ‘रंगसंगती’. आज ती बाई माझ्या दारात आली तर मी साखळी लावूनच बोलेन. पण तिच्या एका गोष्टीची मला दया येते. ती फार दमायची. गोधड्यांना कसर लागू नये म्हणून सुट्टीच्या दिवशी त्या गच्चीवर न्यायच्या, उन्हात पसरायच्या, उलटायच्या, पुन्हा खाली आणायच्या. तीन जिने. जुनी गोधडी म्हणजे आठ-दहा लुगडी एकावर एक. ती उचलताना मेलेलं माणूस उचलल्यासारखं वाटतं. वर सोसायटीतले लोक विचारणार, ‘‘काय वहिनी, लग्नघर का?’’ नवरा पलंगाच्या कडेला अंग चोरून झोपायचा. सासूबाई मात्र बोलायच्या. ‘‘आमच्याकडे पांघरायच्या गोष्टी माणसांना शिवू देत नाहीत,’’ हे त्या येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगायच्या.

यातून सुटायची एक वाट दिसत होती. मुंबईतले एक मोठे संग्राहक कापडकलेचं दालन उभं करत होते. त्यांना माझा संग्रह पसंत पडला असता तर ते सगळाच्या सगळा नेणार होते. गोधड्यांना घर मिळणार होतं आणि मला माझी खोली. संग्रह त्यांच्या नजरेखालून जावा म्हणून मी ठाण्याला, नौपाड्यात एका वाचनालयावरचा हॉल घेऊन प्रदर्शन ठरवलं आणि त्यांना एका गोधडीचा फोटो पाठवला. त्यांचं उलट टपाली उत्तर आलं, ‘ही बघायला मी नक्की येतो.’

ती गोधडी माझी नव्हती, एवढंच मी त्यांना कळवलं नव्हतं.

ती होती कळव्याच्या एका कोळणीची. ती माझ्या माहेरी, नौपाड्यात, मासे घेऊन यायची. मी परकरात असल्यापासून तिला बघत होते. तिच्या लेकीच्या हळदीला मला बोलावलं होतं. मांडवात बेंजो वाजत होता, बायका नाचत होत्या, आणि मी पाणी प्यायला म्हणून मागच्या खोलीत गेले. तिथे दमलेली पोरं एका गोधडीवर आडवीतिडवी झोपली होती. एका पोराचा पाय जरा बाजूला केला तर खाली गर्द लाल लुगड्याचा चौकोन, त्याला लागून हळदीत भिजल्यासारखा पिवळा, आणि कडेला जुन्या शिडाच्या कापडाची जाड करडी पट्टी. धावदोरा कडेपासून निघून फिरत फिरत मध्यापर्यंत गेलेला. मी त्या रात्री चार वेळा पाणी प्यायले. बायका आपसात म्हणाल्या, ‘‘बाईला पोरांची लय आवड दिसतंय.’’

पुढच्या आठवड्यात मी जाऊन फोटो काढला, आणि संग्राहकांचं उत्तर आल्यावर पुन्हा जाऊन गोधडी मागितली.

‘‘ही?’’ म्हातारी म्हणाली. ‘‘गो, ही माज्या सासूची. फाटली पार. तुना काय करायची?’’

‘‘भिंतीवर लावायची. खाली तुमचं नाव लिहायचं. प्रदर्शन झालं की मी सांभाळून ठेवीन.’’

‘‘कोन येनार बगायला?’’

‘‘ठाण्यातली मोठी मोठी माणसं. मुंबईहून पण एक येणार आहेत.’’

तिने गोधडीच्या विरलेल्या कडेवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, ‘‘मग आठ दिस दे मना.’’

‘‘धुऊ नका हं अजिबात!’’

‘‘नाय गो, नाय धुवत.’’

प्रदर्शनाच्या आदल्या दुपारी मी रिक्षा करून कळव्याला गेले. तिने घडी केलेली गोधडी माझ्या मांडीवर ठेवली. वर पूर्ण नवी कोरी नायलॉनची साडी होती. आकाशी, आणि तिच्यावर कोबीएवढे गुलाबी गुलाब. चारी कडा घट्ट शिवलेल्या. गोधडीचा वरचा थर विरला की त्यावर दुसरं कापड घालून पुन्हा टाके मारायचे, ही रीत मला ठाऊक होती. मुलींना मी ती फळ्यावर चित्र काढून समजावलेली. फक्त ती रीत माझ्या डोळ्यांदेखत चालूच राहील, हे माझ्या टाळक्यात शिरलं नव्हतं.

‘‘फाटकं घेऊन लोकांम्होरं कशी जानार?’’ म्हातारी सांगत होती. ‘‘लेकीनं माहेरपनाला साडी आनलीली. नेसायची ऱ्हायलीच. आठ दिस बसले मी. पाठ गेली बग. कशी दिसतंय?’’

‘‘छान,’’ मी म्हटलं.

माहेरी येऊन मी गोधडी पलंगावर पसरली आणि दाढीचं पातं घेऊन बसले. एक बाजू उसवायला फार तर तासभर. आई दारात उभी राहून बघत होती.

‘‘ती उद्या येणार आहे ना?’’

‘‘येणार आहे.’’

‘‘मग तिला काय सांगणार?’’

‘‘बघू.’’

‘‘बघ बाई. तिचे मासे आपल्याला हवे असतात.’’

आईची नीतिमत्ता पापलेटापाशी सुरू व्हायची. पण मी पातं ठेवलं. सकाळपासून हॉलमध्ये बांबू उचलून माझे खांदे भरून आले होते. उद्या बघू, असं म्हणून मी त्याच गुलाबांवर आडवी झाले.

दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये माझा सगळा संग्रह बांबूंवर टांगला होता, आणि मधल्या भिंतीवर ते गुलाब. म्हातारी हॉल उघडण्याच्या वेळीच हजर. हिरवं लुगडं, अंबाड्यात अबोलीचा वळेसर, गळ्यात असेल नसेल ते सोनं, आणि सोबत सुना, लेकी, जावई. बाकीच्यांनी एक चक्कर मारली आणि ते बाहेर वडापाव खायला गेले. ती गोधडीजवळ खुर्ची ओढून बसली. येईल त्याला सांगायची, ‘‘ही माजी. सासूची व्हती, आता माजी. खाली नाव लिवलंय बगा.’’ माणसं बाकीच्या गोधड्यांपुढे हळू आवाजात बोलत होती. तिच्यापुढे येऊन मोठ्याने हसत होती आणि टाक्यांवरून हात फिरवून बघत होती. ‘कृपया हात लावू नये’ ही माझ्या सुंदर अक्षरातली पाटी म्हातारीच्या पाठीमागे गेली होती.

दुपारी संग्राहक आले. सगळं शांतपणे बघितलं. दोन गोधड्यांपाशी बराच वेळ थांबले. मग मला विचारलं, ‘‘फोटोतली कुठाय?’’

मी गुलाबांकडे बोट केलं. त्यांना आधी मी थट्टा करतेय असं वाटलं. मग त्यांनी जवळ जाऊन खालचा कोपरा उलटा केला. मागच्या बाजूला दुमडून आलेली शिडाची पट्टी आणि तिच्यावरचे जुने टाके दिसले. त्यांचा चेहरा उजळला.

‘‘आत शाबूत आहे! वरचं हे भंगार काढून टाका. दोन दिवसांत उसवून द्या, मी संग्रह आख्खा नेतो. पण ही त्यात हवी.’’

म्हातारी खुर्चीवरून मान वर करून आमच्याकडे बघत होती. ते शुद्ध बोलत होते, पण भंगार कुठल्याही भाषेत कळतं.

मी फार थोर काही केलं असं नातवंडांना सांगायचा मोह होतो. खरं म्हणजे सकाळपासून उभी राहून माझ्या पोटऱ्यांत गोळे आले होते. ती पाठ धरून आठ दिवस बसलेली, आणि आता मी तिच्यादेखत ते उसवायचं, तिची समजूत काढायची, की तिच्यापासून लपवायचं. यातलं काहीच माझ्याने होण्यासारखं नव्हतं.

‘‘नाही उसवायची,’’ मी म्हटलं. ‘‘ती आता अशीच आहे.’’

‘‘तुम्ही काय सोडताय ते कळतंय ना?’’

‘‘कळतंय हो.’’

ते चहा न घेताच गेले.

‘‘काय बोलत व्हता?’’ म्हातारीने विचारलं.

‘‘त्यांना आतली बघायची होती.’’

‘‘ती फाटकी? खुळा हाय काय?’’ मग आवाज खाली आणून म्हणाली, ‘‘तुना बी आतलीच पायजे व्हती ना? गुलाब बगून तुजं तोंड मेलेल्या बोंबलावानी झालतं.’’

‘‘मग तेव्हाच का नाही बोललात?’’

‘‘तू का नाय बोललीस?’’

मी गोधडीचा उलटा राहिलेला कोपरा सरळ केला. मग तिने फर्मान काढलं, ‘‘ही घेऊन जा घरी. पन पांगरायची. कपाटात घातलीस तं मी येऊन नेईन.’’

संग्रह टेम्पोतून जसा गेला तसा डोंबिवलीला परत आला. पुढे त्या गोधड्या एकेक करून वाटल्या गेल्या, बाळंतिणींना, गावी, कुणाकुणाला. मला त्या पुन्हा गच्चीवर नेववेनात. म्हातारी माहेरी भेटली की टोपली उतरवायच्या आधी विचारायची, ‘‘पांगरतंस ना?’’ मी हो म्हणायचे आणि ते खरं होतं. कधीतरी वरचं कापड विरेल आणि खालचा लाल चौकोन आपोआप दिसेल, या आशेवर मी ती रोज अंगावर घेते. पण नायलॉन मेलं विरतच नाही. गुलाब होते तसे आहेत, गुडघे माझे गेले.