रंग गेलेल्या टोप्या

आमच्या थोरलीला घरात सगळे मॉनिटर म्हणतात. हे नाव तिच्या बाबांनी ठेवलं. शाळेत बोलणाऱ्या मुलांची नावं फळ्यावर लिहायचं काम तिला मिळालं, आणि बाईसाहेब घरीही खडू घेऊन आल्या. दारातल्या चपलासुद्धा ती मानाप्रमाणे लावायची. आधी बाबांच्या, मग माझ्या, मग तिच्या, आणि शेंडेफळाच्या पार कोपऱ्यात. प्रत्येकाची एक पायरी असते आणि आपण एकेक चढत जायचं, यावर तिचा भारी विश्वास. माझाही होता. तिने तो माझ्याकडूनच घेतला.

बिस्किटांच्या कारखान्यात ती पॅकिंगला लागली, तेव्हा तिला पांढरी टोपी मिळाली. तिथे टोपीवरून माणूस कळतो. नवीन बाईला पांढरी, जुनीला पिवळी, सुपरवायझरला निळी. सरकत्या पट्ट्यावर काही बिघडलं तर पांढरीने पिवळीला सांगायचं, पिवळीने निळीला, आणि पट्टा थांबवायचं लाल बटण फक्त निळीने दाबायचं. मॉनिटरला निळी मिळाली त्या दिवशी मी तिचा फोटो काढून कपाटाच्या काचेत लावला. शेजारीण म्हणाली, "आता केबिनच राहिली." मी मनातल्या मनात त्या केबिनला पडदेही लावून टाकले.

मग एकदा कारखान्यातल्या धुलाईच्या खोलीत कुणीतरी सगळ्या टोप्या एकत्रच गरम पाण्यात टाकल्या. निघाल्या त्या एकजात फिकट हिरवट. नव्या येईपर्यंत त्याच घालायच्या होत्या.

पहिल्या संध्याकाळी ती तोंड फुगवून घरी आली. "मला कुणी ओळखेचना. गाडीवाल्याने खोकी उचलायला लावली."

"मग उचललीस?" बाबांनी विचारलं.

"उचलली. काय करणार?"

"चांगलंय. उचलता येतात हे तरी कळलं."

दोन दिवसांनी अचानक पट्टा थांबला. मॉनिटर तरातरा गेली. बटणाजवळ सगळ्यात नवी पोरगी उभी होती.

"कुणी दाबलं?"

"मी, ताई. पाकिटं उघडीच येत होती. विचारणार होते, पण कुणाला विचारायचं तेच कळेना. म्हटलं, शोधत बसले तर ढीग लागेल."

मॉनिटरने ओरडायला तोंड उघडलं आणि खाली पाहिलं. चार-पाचच पाकिटं वाया गेली होती. एरवी निरोप वरपर्यंत पोचेस्तोवर ट्रॉली भरायची. ती म्हणाली, "बरं केलंस." मग ज्या बाईला बिघाड दिसेल ती बटण दाबू लागली. खराब माल निम्म्यावर आला.

मॅनेजर खूश झाले. इतके खूश की त्यांनी पट्ट्याचा वेग वाढवला.

"आई," जेवताना ती म्हणाली, "आम्ही नीट काम केलं, त्याचं बक्षीस म्हणून आणखी काम. मग वाचलं ते गेलं कुठे?"

"मालकाकडे, आणखी कुठे? कारखाना त्यांचा आहे."

"पट्टा त्यांचा आहे गं. डोळे तर आमचे होते."

त्याच आठवड्यात नव्या टोप्यांचं खोकं आलं. मॅनेजरने तिला बोलावून सांगितलं की केबिन तुझी, पण बटण पुन्हा निळीकडेच राहील. घरी येऊन हे सांगतानाचा तिचा चेहरा पाहूनच मी ओळखलं की ती नाही म्हणणार.

"आधी घे तरी," मी म्हटलं. "वर बसून मग सुधार काय सुधारायचं ते."

"वर गेलं की खालचं ऐकू येत नाही आई. मला तर निळीपर्यंत पोचल्यावरच ऐकू येईनासं झालं होतं."

"आणि उद्या काढून टाकलं तर? जगाचा गाडा तू एकटीच ओढणार आहेस का?"

"एकटी कुठे? पट्ट्यावर सगळ्या आहेत की."

दुसऱ्या दिवशी ती हिरवट टोपीच घालून गेली. मी दिवसभर एकाच खिडकीची काच पुसत राहिले. तिकडे नव्या टोप्यांचं खोकं कुणी उघडलंच नव्हतं.

"सुपरवायझर कोण आहे इथे?" मॅनेजरने विचारलं.

"मी, साहेब," मॉनिटर पुढे झाली. "बटण सगळ्यांचं राहू द्या आणि वेग पूर्वीइतका करा. केबिन दुसऱ्या कुणाला दिलीत तरी चालेल."

बाकीच्या बायकांनी हातातलं काम ठेवलं आणि तिच्यामागे येऊन उभ्या राहिल्या. साहेब पाठ फिरवून निघून गेले. पण वाढवलेल्या वेगात हात पुरेनात, खराब माल पुन्हा वाढला, आणि आठवड्याभरात वेग गुपचूप खाली आला. बटणाचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. केबिनमध्ये बाहेरून आलेले एक गृहस्थ बसतात.

मॉनिटर पट्ट्याजवळच आहे. हल्ली घरीही प्रश्न विचारते. शेंडेफळाला शेवटची पोळी का, बाबांचं ताट पहिलं का. यायला उशीर झाला की अजूनही माझा जीव टांगणीला लागतो. पण ती गात गात जिना चढते, हे मी नाकारू शकत नाही.

तिची टोपी आता घरीच धुतो. परवा मी ती सगळ्यांच्या कपड्यांबरोबर बादलीत टाकली.

"अगं, रंग जाईल," हे म्हणाले.

"गेलाय तेवढा पुरे आहे," मी म्हटलं, आणि वरून यांचे मोजेही टाकले.