बदकांचा ग्रुप फोटो

कुंभकोणमात तीस वर्षं कुणाच्याही घरचं लग्न असो, ग्रुप फोटो शामसुंदररावांनी काढायचा आणि माणसं अंबाबाईंनी बसवायची, हे ठरलेलं. नवऱ्याचं काम बटण दाबण्याचं. बाकी सगळं बायकोचं. रुसलेल्या आत्तीला पुढच्या खुर्चीवर आणायचं, उंच जावयाला मागं ढकलायचं, कुणाचा पदर सारखा करायचा. सगळे डोळे उघडे दिसले की त्या "हं!" म्हणत आणि शामसुंदरराव बटण दाबत.

गेल्या वर्षी त्यांचा उजवा हात कापू लागला. लग्नं सुटली. मग त्यांनी पक्ष्यांचा नाद धरला. "पक्षी तक्रार करत नाहीत," म्हणाले. मार्गळी महिन्यात, ऐन थंडीत, साक्कोट्टै गावापलीकडच्या तळ्यात बदकं उतरतात. महालिंग नावाच्या कोळ्याच्या लहानशा होडीतून ते सकाळी जायचे आणि पुसट फोटो घेऊन परतायचे. पाणी, होडी आणि हात, तिन्ही हलणारे.

रविवारी जेवताना त्यांनी सांगून टाकलं, "उद्या शेवटचं. नाही जमलं तर कॅमेरा कपाटात."

रसम वाढणारा अंबाबाईंचा हात थांबला. कॅमेरा कपाटात गेला की हा माणूस स्वयंपाकघरात येणार, कुकरच्या शिट्ट्या मोजणार. तेही चाललं असतं. पण लग्नं सुटल्यावर तीन महिने ते खिडकीशी नुसते बसून असायचे. ते त्यांना पुन्हा बघायचं नव्हतं.

"मीही येते," त्या म्हणाल्या.

"तू? पायरी उतरताना देवाचं नाव घेतेस, होडीत काय करशील?"

"देवाचंच नाव घेईन. तिथंही चालतं ते."

सकाळी महालिंगानं त्यांना हात देऊन होडीत बसवलं. "अम्मा, मधोमध बसा. काही झालं तरी उठू नका," त्यानं तमिळमध्ये बजावलं. लव्हाळ्याच्या आडून होडी हळूच पुढं गेली आणि समोर चाळीस-पन्नास हळदी-कुंकू बदकं दिसली. चोचीच्या टोकाला पिवळा ठिपका, मुळाशी तांबडा. जणू आत्ताच कुठं सवाष्ण जेवून आलेल्या बायका. पण बसल्या होत्या कशाही! दोघींनी तर सरळ पाठ फिरवली होती.

अंबाबाईंना राहवलं नाही. लग्नमंडपातला खणखणीत आवाज आपोआप बाहेर पडला, "अहो मामी, इकडं तोंड करा की!"

सगळा थवा फडफडत उठला. महालिंग इतका हसला की होडी डुलायला लागली. शामसुंदरराव मात्र हसले नाहीत. त्यांनी लेन्सला झाकण लावलं.

"झालं," ते म्हणाले.

"झालं कसं? एका फोटोत कुणाचं लग्न आटोपलंय? रुसलेली माणसं जेवायला येतातच. थांबा."

अर्ध्या तासानं बदकं एकेक करत परत उतरली. शामसुंदररावांनी कॅमेरा उचलला. लांबलचक लेन्स वाऱ्यावरच्या फांदीसारखी हलत होती. अंबाबाई त्यांच्याकडं पाठ करून बसल्या, मागं सरकल्या आणि उजवा खांदा लेन्सखाली आणला.

"ठेवा," त्या कुजबुजल्या.

"जड होईल तुला."

"तुमच्या आईचा राग याच खांद्यावर वाहिलाय. ठेवा म्हणते ना."

लेन्स टेकली. खांद्यातून त्या हाताचं कापणं त्यांना कळलं. मग हळूहळू ते कमी झालं. त्यांनी श्वास धरला. "हं" म्हणायची सोय नव्हती. शेवटच्या बदकानं मान वळवली, तसा त्यांनी हात मागं नेऊन नवऱ्याचा गुडघा दाबला.

दुपारी घरच्या कॉम्प्युटरवर फोटो उघडला. शामसुंदरराव एकेका बदकावर बोट ठेवत गेले. त्रेचाळीस. सगळ्यांचे डोळे लख्ख. डाव्या कडेला मात्र एक धूसर नारिंगी डाग होता.

"हे काय मध्येच?"

"माझी अबोली," अंबाबाई ओशाळल्या. "कापून टाका तेवढं."

ते बराच वेळ त्या डागाकडं बघत राहिले. माऊसवरचा हात कापत होता, पण कापायचं बटण काही त्यांनी दाबलं नाही.

"परवा जाऊ, तेव्हा गजरा जरा पलीकडच्या बाजूला माळ," ते म्हणाले.