कोन्तो नाही, कोन्ते

मोठ्या जावेला माझ्याबरोबर स्पॅनिशच्या क्लासला पाठवलं ते सासूबाईंनी, पहारा ठेवायला. अंधेरीला मी ज्या एक्स्पोर्ट ऑफिसात होते तिथे दक्षिण अमेरिकेतली गिऱ्हाइकं वाढली होती. जो स्पॅनिश शिकेल त्याला ते टेबल देऊ, असं साहेब म्हणाले होते. मुलुंडमध्ये आमच्या चाळीपासून जवळच एक सर सापडले. गोव्याचे, अर्धं आयुष्य बोटीवर काढलेले, बायको वारलेली; घरीच पाच-सात जणांना शिकवायचे.

"एकटी परक्या बाप्याच्या घराक कशाक जातंस?" सासूबाई म्हणाल्या. "थोरली बी.ए. झाली हा. तीय शिकात."

तशा आम्ही दोघी जायला लागलो. मी त्यांना वहिनी म्हणायची, अहो-जाहो करायची. एका मोरीत दोघींची भांडी, एका स्टोव्हवर दोघींचा चहा, आणि त्यातून जे व्हायचं ते होतच होतं. संपानंतर सासऱ्यांची गिरणी उघडलीच नाही. घर त्यांच्या दोन मुलांच्या आणि माझ्या पगारावर चालायचं. त्यामुळे दिंडोशीला खोली बघायचं मी आणि नवऱ्याने ठरवलं, तेव्हा घरात चकार शब्द काढला नाही.

वहिनींना मात्र मी सांगितलं. क्लासहून परतताना एके दिवशी त्या गोड बोलत होत्या. "तुमचं बरं आहे गं, तुम्ही सुटाल कधीतरी," असं म्हणाल्या आणि मी बोलून बसले. चार दिवसांत सासूबाईंनी माझ्या हातचं पाणी घेणं बंद केलं. "घर मोडूक निघालंस?" एवढंच विचारलं आणि सासऱ्यांसमोर रडायला बसल्या. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं, जणू मीच चाळभर दवंडी पिटली होती.

"वहिनी, कुणी सांगितलं त्यांना?"

"मला काय माहीत? कानावर गेलं असेल कुठूनतरी."

कानावर गेलं! आमच्या घरात सगळं असंच घडायचं. बशी फुटायची, दूध नासायचं, गोष्ट कानावर जायची. करणारं माणूस कधी नसायचंच.

त्याच आठवड्यात सरांनी भूतकाळ शिकवायला घेतला. फळ्यावर तीन शेपट्या लिहिल्या: ए, आस्ते, ओ. "मी"साठी ए, "तू"साठी आस्ते, "तो" किंवा "ती"साठी ओ. "मराठीत तुम्ही 'सांगितलं' म्हणता," सर म्हणाले, "मी की तिने, ते वेगळं सांगावं लागतं. इथे ते क्रियापदातच आलं." मग त्यांनी जोड्या लावल्या. एकीने विचारायचं, दुसरीने उत्तर द्यायचं. कोन्तार, म्हणजे सांगणे, हे क्रियापद फळ्यावर होतंच.

मी वहिनींकडे वळले आणि विचारलं, "कोन्तास्ते?" तू सांगितलंस? जन्मात पहिल्यांदा मी त्यांना अरे-तुरे केलं होतं, आणि ते त्यांना कळलं. मान लाल झाली.

"कोन्तो," त्या म्हणाल्या.

"नाही, नाही," सरांनी खडूने शेपटी दाखवली. "कोन्तो म्हणजे तिने सांगितलं. ती तुम्हाला विचारतेय. स्वतःबद्दल बोला."

"कोन्तो," वहिनी पुन्हा म्हणाल्या.

"अहो बाई, ए! कोन्ते!"

बाकीची मुलं हसायला लागली. मी हसले नाही. मी पुन्हा विचारलं, अगदी सावकाश, प्रत्येक अक्षर सुटं करून. वहिनींनी वही मिटली.

"कोन्ते," त्या म्हणाल्या. मग मराठीत, सगळ्यांसमोर, "हो, मीच सांगितलं. पुढे काय करणार आहेस?"

सरांना वाटलं धडा जमला. "शाबास," म्हणाले.

रस्त्यात त्या माझ्या पुढे चालत होत्या. मार्केटपाशी एकदम थांबल्या. "तू जाणार दिंडोशीला. मग त्या दोघांची दुखणी, मोरी, पाणी, सगळं माझ्या गळ्यात. आणि मी गप्प बसू?"

"मग तसं मला तोंडावर सांगायचं होतं."

"तुला सांगून तू थांबली असतीस?"

नसते थांबले. पण तेही मी त्यांना सांगितलं नाही. भाजीवाली आमच्याकडे बघत होती, आम्ही पुढे निघालो.

दिवाळीच्या आधी आम्ही चाळ सोडली. सासूबाई दारात आल्या नाहीत. वहिनी आल्या, पण फक्त माझ्या सामानात त्यांची कढई तर गेली नाही ना, ते बघायला. दिंडोशीहून मुलुंड लांब पडायला लागलं आणि माझा क्लास सुटला. ऑफिसातलं ते टेबल दुसऱ्या एका मुलीला मिळालं. वहिनी मात्र जातच राहिल्या. माझ्यावर पहारा ठेवायचं कारण उरलं नव्हतं, तरी जात राहिल्या. पुढे त्यांना घाटकोपरला एका कंपनीत स्पॅनिश पत्रव्यवहाराची नोकरी लागली, असं मोठ्या दिरांनी नवऱ्याला सांगितलं. सकाळी जातात, संध्याकाळी येतात म्हणे. मग दिवसभर सासूबाईंचं कोण करतं, ते मी विचारलं नाही.