बाबांच्या पिस्तुलाचा चाप

दसऱ्यानंतरचा रविवार, सकाळचे दहा. इंग्लंडमधल्या मेडनहेडजवळचा आमचा नेमबाजी क्लब, म्हणजे एका शाळेमागचा लांबट हॉल. हजर: बाबा, ऐंशीच्या पुढचे, निवृत्त भूलतज्ज्ञ, मी, त्यांची मुलगी आणि रविवारची ड्रायव्हर, आणि क्लबमधली पिस्तुलं दुरुस्त करणारे एक इंग्रज गृहस्थ, ज्यांना सगळे मेकॅनिकच म्हणतात. आई नव्हती. तिला जाऊन दोन वर्षं झाली.

काम एकच होतं. बाबांचं एअर पिस्तूल, दहा मीटरवरच्या कागदी टार्गेटवर मारायचं, तीसेक वर्षं जुनं. त्याचा चाप अडखळायला लागला होता. ओढताना मध्येच खडा चावल्यासारखं व्हायचं आणि नेम हलायचा. महिन्याभरापूर्वी घरी परतताना गाडीत ते म्हणाले, "चाप अडखळतो, मीही अडखळतो. आता पुरे झालं." आई गेल्यापासून बाबा आपणहून घराबाहेर पडतात ते फक्त या क्लबसाठी. हेही सुटलं तर उरते ती खुर्ची आणि टीव्ही. म्हणून मी दुसऱ्या कंपनीचा, स्पर्धेतले लोक बसवून घेतात तसला चाप मागवला आणि वहीत लिहिलं: बदलणे.

बाबांना ते अजिबात पसंत नव्हतं. "बनवणाऱ्याने विचार करूनच बसवलंय ना? मग आपण कशाला ढवळाढवळ करायची?" मिक्सर असो, गाडी असो, त्यांचा नियम हाच. पिस्तुलाची नळी ते न चुकता पुसायचे, पण चापावरची पट्टी तीस वर्षांत एकदाही उघडलेली नव्हती.

मेकॅनिकनी ती उघडली. आत लालसर पिवळा चिखल होता. त्यांनी चिमट्याने त्यातून एक तांदळाचा दाणा काढला आणि उजेडात धरला.

"डॉक्टर, यात तुम्ही करी शिजवता की काय?"

"करीत कुंकू घालत नाहीत," बाबा म्हणाले.

दसऱ्याला आई ओट्यावर स्वच्छ टॉवेल अंथरायची. त्यावर बाबांचा स्टेथोस्कोप, तिचं शिवणयंत्र, गाडीच्या किल्ल्या, माझी कंपासपेटी. झेंडू मिळायचा नाही, मग सुपरमार्केटातली पिवळी शेवंती. पण मानाची जागा उघड्या पेटीतल्या पिस्तुलाला, कारण घरात शस्त्र म्हणावं असं तेवढंच होतं.

"अगं, नुसतं बोट टेक. सडा घालू नकोस."

"अहो, स्टेथोस्कोपला चालतं, गाडीला चालतं, मग याचेच कसले लाड? आधी हात जोडा, मग डॉक्टरकी करा."

असं म्हणून ती अक्षतांची मूठ जरा जास्तच मोकळी सोडायची. मी हसायचे. बाबा मला डोळ्यांनी दटावायचे आणि हात जोडायचे. दुसऱ्या दिवशी ते टिश्यूने पिस्तूल वरून लख्ख पुसत. चापाच्या फटीतून आत गेलेलं हळद-कुंकू दरवर्षी तेलात कालवलं गेलं, आणि उघडायचं नाही हा नियम असल्यामुळे कोणाला पत्ता लागला नाही.

"नवा चाप परत पाठवा," मेकॅनिक म्हणाले. "मूळचा फार चांगला आहे. त्याला फक्त आंघोळ हवी होती."

त्यांनी सगळं धुऊन, पुसून, थेंबभर तेल देऊन बसवलं. दरम्यान बाबांनी टेबलावरचा तांदळाचा दाणा उचलून शर्टाच्या खिशात टाकला. मी पाहिलं नाही असं दाखवलं.

पहिले दोन छर्रे बाबांनी काळ्या वर्तुळात मारले. चेहरा खुलला. तिसऱ्यानंतर मात्र पिस्तूल खाली ठेवून ते बोटं चोळायला लागले. मेकॅनिक टार्गेटकडे बघतच नव्हते, त्यांचं लक्ष बाबांच्या हाताकडे होतं.

"डॉक्टर, चाप ठीक आहे. ही मूठ मात्र तुमच्या तीस वर्षांपूर्वीच्या हाताची आहे."

त्यांच्या ओळखीचा एक माणूस हाताच्या मापाने लाकडी मुठी कोरून देतो. त्याला कागदावर पंजाची बाह्यरेषा काढून पाठवायची, सांधे किती सुजलेत तेही लिहायचं. मला वाटलं, आता पुन्हा 'बनवणाऱ्याने विचार करूनच बसवलंय' हे ऐकावं लागणार. पण बाबा एवढंच म्हणाले, "बघू."

नवा चाप मी पोस्टाने परत पाठवला. वहीतलं 'बदलणे' खोडलं आणि खाली लिहिलं: बाबांच्या उजव्या हाताचं माप. याला तीन रविवार झाले. आम्ही क्लबला जातो, ते तीन छर्रे मारतात, मग चहा घेत इतरांचा खेळ बघतात. माप काढू म्हटलं की सकाळी म्हणतात, "आत्ता सूज आहे, माप चुकेल, संध्याकाळी काढ." संध्याकाळी म्हणतात, "आता हात दमलाय गं." जेवणाच्या टेबलावर कागद आणि पेन्सिल ठेवलेली आहे. कागद अजून कोरा आहे.