अक्कांचा प्लॉट निळ्या रेषेत

मित्रांनो, दुपारपासून मन थाऱ्यावर नाही, म्हणून इथे लिहितोय.

मी चाळीसगावात घरांचे नकाशे काढून देतो. शेजारच्या अक्का अंगणवाडीतून निवृत्त झाल्या. गेल्या वर्षी नदीकाठचा एक प्लॉट दाखवून त्यांनी मला विचारलं, "घेऊ का?" तो पूररेषेत असावा, अशी शंका मला तेव्हाच आली होती. पण विकणारा माझा मित्र होता. मी म्हणालो, "जागा छान आहे." अक्कांनी तो घेतला.

आज बांधकाम परवानगीसाठी आम्ही नगरपालिकेत गेलो. साहेबांनी पूररेषेचा नकाशा उघडला. अक्कांचा अख्खा प्लॉट निळ्या रेषेच्या, म्हणजे वारंवार पूर येणाऱ्या पट्ट्याच्या, आत होता. "इथे घर बांधता येणार नाही," ते म्हणाले.

बाहेर आल्यावर अक्कांनी विचारलं, "भाऊ, तुले माहीत व्हतं का?"

मी म्हणालो, "शंका होती."

मी रिक्षा थांबवली, पण त्या बसल्या नाहीत. उन्हातून पायीच घरी गेल्या. त्यांचं दार वाजवायचं धाडस मला अजून झालेलं नाही.

प्लॉट घेण्याआधी हा नकाशा स्वतः बघा. आणि ओळखीच्या माणसाचा व्यवहार मोडेल म्हणून तुम्ही कधी असे गप्प बसलात का? मग ज्याचं नुकसान झालं, त्याच्या घरी पुन्हा कसे गेलात?